जत्रा आणि हंगाम

उत्तर इटलीत ब्रेशिया शहराजवळ मोंतिकियारी नावाचं गाव आहे. वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. या गावात १९९३ साली एक मोठं इनडोअर स्टेडियम उभं राहिलं. त्याचं नाव 'पालाजॉर्ज'. हा जॉर्ज कोणी इटालियन संत नाही की स्थानिक कारखानदार नाही. तो जिमी जॉर्ज. मुक्काम पोस्ट पेरावूर, जिल्हा कण्णूर, केरळ.

त्या वेळी इटलीचा पुरुष व्हॉलीबॉल संघ विश्वविजेता होता. १९९० साली रिओमध्ये त्यांनी पहिल्यांदा ते विजेतेपद मिळवलं होतं आणि १९९४ साली अथेन्समध्ये ते राखणार होते. स्टेडियमला द्यायला घरची नावं थोडी नव्हती. तरी गावानं नाव दिलं ते सहा वर्षांपूर्वी गेलेल्या एका मल्याळी माणसाचं.

ही गोष्ट ऐकून छाती फुगते, ते मला कळतं. अशा गोष्टी व्हॉट्सअॅपवर फिरायलाही वेळ लागत नाही. पण मला खुपते ती तिची दुसरी बाजू. देशातला सर्वोत्तम खेळाडू, हाताशी पोलिसातली नोकरी, नावावर अर्जुन पुरस्कार. त्याला खेळायला इटलीतल्या गावांत का जावं लागलं? पैसा हे उत्तर आहेच, पण ते अर्धं. इटलीकडे आणखी एक गोष्ट होती. ती तेव्हा आपल्याकडे नव्हती आणि अजूनही पुरती आलेली नाही. ती गोष्ट म्हणजे हंगाम.

हंगाम हा आपला शेतीतला शब्द. खरीप हंगाम, रब्बी हंगाम, आंब्याचा हंगाम, साखर कारखान्याचा गळीत हंगाम. नुसता 'काळ' एवढाच त्याचा अर्थ नाही. हंगाम परत येतो. यंदाचं पीक बुडालं तरी पुढच्या जूनमध्ये पेरायचंच असतं, म्हणून बी राखून ठेवायचं, बांध नीट करायचा, बैलांची किंवा ट्रॅक्टरची सोय बघायची. जत्रेचं तसं नसतं. जत्रा एका रात्रीत तुफान भरते. पाळणे, लाऊडस्पीकर, भेळ, कुस्त्या. सकाळी मैदानात कागदाचे कपटे उरतात.

भारतात व्हॉलीबॉलच्या जत्रा खूप झाल्या. हंगाम फार थोडे झाले. हा लेख त्या फरकाबद्दल आहे.

पेरावूरचा पोरगा

जिमी जॉर्जचा जन्म ८ मार्च १९५५ चा. आठ भावांतला दुसरा. वडील वकील आणि स्वतः व्हॉलीबॉल खेळलेले. घरातच संघ होईल एवढी पोरं, आणि सगळी खेळणारी. अंजू बॉबी जॉर्ज हे नाव तुम्हाला माहीत असेल. २००३ साली पॅरिसच्या जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेत तिनं लांब उडीचं ब्राँझ मिळवलं. तिचे पती आणि प्रशिक्षक रॉबर्ट बॉबी जॉर्ज हे जिमीचे धाकटे भाऊ. हे अख्खं घरच उड्या मारणाऱ्यांचं.

सोळाव्या वर्षी जिमी केरळच्या संघात आला. पुढे केरळ विद्यापीठाकडून खेळला. १९७४ साली तेहरानच्या आशियाई स्पर्धेत भारताकडून उतरला. १९७६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी तो केरळ पोलिसांत लागला. १९७८ साली बँकॉकची आशियाई स्पर्धा. १९७९ साली तो अबू धाबीच्या क्लबकडे गेला आणि १९८२ साली तिथून इटलीला, त्रेविझोकडे.

मधे तो परत यायचा, केरळकडून, पोलिसांकडून, भारताकडून खेळायचा. १९८६ साली सोलच्या आशियाई स्पर्धेत भारतानं जपानला हरवून ब्राँझ घेतलं. त्या संघात तो होता. त्यानंतर आजपर्यंत आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष व्हॉलीबॉल संघाला पदक मिळालेलं नाही.

३० नोव्हेंबर १९८७ ला, ऐन हंगामात, इटलीतच मोटार अपघातात तो गेला. वय ३२.

या तारखा सलग मांडल्या की एक गोष्ट दिसते. एकविसाव्या वर्षी त्याला देशानं द्यायचं ते सगळं देऊन झालं होतं. नोकरी, पुरस्कार, राष्ट्रीय संघाची जर्सी. पुढे काय? वर्षातून एक राष्ट्रीय स्पर्धा, एक पोलीस स्पर्धा, काही आमंत्रितांच्या स्पर्धा, चार वर्षांतून एकदा आशियाई. मधले महिने सराव. चोवीस वर्षांच्या खेळाडूला सरावापेक्षा सामने लागतात. दर आठवड्याला लागतात, आणि आपल्या तोडीच्या किंवा आपल्याहून सरस माणसांशी लागतात. नोकरी त्याला केरळनं दिली, आठवड्याचा सामना द्यायला इटली लागली.

मैदान आलं, वेळापत्रक नाही आलं

आपल्याकडे असं का झालं, हे समजायला थोडं मागं जावं लागेल.

व्हॉलीबॉल जन्मला १८९५ साली, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक या गिरणगावात. विल्यम मॉर्गन तिथल्या वायएमसीएत व्यायामशिक्षक होता. बास्केटबॉल चार वर्षांपूर्वीच निघाला होता, पण दिवसभर कामधंदा करून संध्याकाळी व्यायामाला येणाऱ्या मध्यमवयीन लोकांना तो झेपेना. मॉर्गननं मधे जाळी बांधली, धक्काबुक्की बंद केली. नाव ठेवलं 'मिंटोनेट'. पुढच्या वर्षी प्रात्यक्षिक बघून कोणीतरी म्हणालं, हा तर व्हॉली मारण्याचा खेळ आहे, आणि नाव बदललं.

वायएमसीएनंच हा खेळ जगभर नेला, आपल्याकडेही. १९२० साली हॅरी क्रो बक यानं मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं. अशा संस्थांतून तयार झालेले व्यायामशिक्षक शाळा-कॉलेजांत, पोलिसांत, पलटणीत गेले आणि खेळ त्यांच्यासोबत गेला. तो पसरायला सोपाही होता. दोन खांब, एक जाळी, एक चेंडू आणि फक्कीनं आखलेल्या रेघा. ना हिरवळ लागते ना पॅड-ग्लोव्ह्ज. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या मागच्या अंगणात ते दोन खांब अजून उभे असतात, जाळी असो वा नसो.

पण खेळ संस्थांच्या मार्फत आला म्हणून त्याचं वेळापत्रकही संस्थांचंच राहिलं. शाळेच्या स्पर्धा शाळेच्या सोयीनं, विद्यापीठाच्या परीक्षा बघून, पोलिसांच्या बंदोबस्तातून वेळ काढून. १९५१ साली भारतीय व्हॉलीबॉल महासंघ स्थापन झाला, १९५२ साली मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. ती राज्यांची स्पर्धा. एका गावी सगळे संघ जमणार, आठवडाभरात निकाल लागणार, ढाल घेऊन विजेता घरी जाणार. बाकीचे पुढच्या वर्षी.

या पद्धतीनं काही निपजलंच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९५८ साली टोकियोला आशियाई ब्राँझ, १९६२ साली जकार्ताला रौप्य. मोठे खेळाडू झाले. रेल्वे, सेनादल, केरळची वीज कंपनी, चेन्नईची इंडियन ओव्हरसीज बँक, कोचीची भारत पेट्रोलियम यांनी खेळाडूंना नोकऱ्या देऊन खेळ जगवला. हे उपकार विसरण्यासारखे नाहीत.

पण बाद फेरीच्या स्पर्धेचा एक स्वभाव असतो. हरलात की संपलं. निम्मे संघ पहिल्या फेरीनंतर बिछाना गुंडाळतात. म्हणजे ज्याला सामन्यांची सगळ्यात जास्त गरज, त्या दुबळ्या संघाला सगळ्यात कमी सामने मिळतात. तगडा संघ खेळत राहतो, आणखी तगडा होतो. बियाणं फक्त एका वावरात पेरायचं आणि बाकीची रानं पडीक ठेवायची, असा हा प्रकार.

शनिवारी सामना असतो

आता इटलीकडे या. तिथला व्हॉलीबॉल महासंघ १९४६ चा, म्हणजे आपल्याहून फार जुना नाही. फरक रचनेत आहे.

आजची रचना अशी. सगळ्यात वर 'सेरी ए'. कंपन्यांची नावं जर्सीवर, परदेशी खेळाडू, टीव्ही. तिच्याखाली 'सेरी बी', हीसुद्धा देशपातळीवरची. तिच्याखाली 'सी' आणि 'डी'. या दोन पूर्णपणे प्रादेशिक. लोम्बार्दीतल्या संघांनी लोम्बार्दीतच खेळायचं, वेनेतोतल्यांनी वेनेतोत. त्याच्याही खाली आपल्या जिल्ह्यासारख्या भागांच्या पहिली, दुसरी, तिसरी अशा श्रेणी. सगळ्या पायऱ्या एकमेकींना जोडलेल्या. वर जिंकलात की चढायचं, तळाला राहिलात की उतरायचं.

या प्रादेशिक पायरीवरचा एक हंगाम डोळ्यांसमोर आणा. समजा गटात १२ संघ आहेत. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या गावात, एकदा त्यांच्या. प्रत्येकाच्या वाट्याला २२ सामने. शरद ऋतूत सुरू झालेला हंगाम वसंतात संपतो. बहुतेक सामने शनिवार-रविवारी, शाळेच्या नाहीतर नगरपालिकेच्या जिममध्ये. खेळणारे दिवसा नोकरी करतात, कॉलेजात जातात, आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी सराव करतात. बघणारे म्हणजे आईबाप, मैत्रिणी, जुने खेळाडू आणि पुढच्या वर्षी संघात येऊ बघणारी पोरं.

गुणांची पद्धतही बघण्यासारखी आहे. ३-० किंवा ३-१ नं जिंकलात तर ३ गुण. ३-२ नं जिंकलात तर २, आणि हरलेल्याला १. म्हणजे दोन सेटनं मागं पडलेल्या संघालाही तिसरा सेट सोडून चालत नाही. तो एक गुण मेमध्ये खालच्या श्रेणीत घसरण्यापासून वाचवू शकतो. हंगामात पराभवालाही हिशोबात जागा असते.

असे २२ शनिवार वर्षानुवर्षं येत राहिले की काय होतं? सतरा वर्षांचा बदली खेळाडू अकराव्या सामन्यात, संघ आधीच हरत असताना, मैदानात उतरतो. दोन सर्व्हिस जाळीत मारतो, तिसरी पलीकडे टाकतो. पंच तयार होतात, कारण दर आठवड्याला शिट्टी वाजवायची असते. गुणलेखक तयार होतात, प्रशिक्षक तयार होतात, शेजारच्या गावाशी खुन्नस तयार होते. गेल्या डिसेंबरात त्यांच्याकडे हरलो होतो, आता मार्चमध्ये ते आपल्याकडे येतायत, हे वाक्य बोलता येणं म्हणजे हंगाम. बाद फेरीच्या स्पर्धेत ते बोलताच येत नाही.

जिमी खेळला तो या डोंगराच्या वरच्या बाजूला. पण मोंतिकियारीसारख्या गावाला मोठ्या लीगमध्ये संघ ठेवणं शक्य झालं, परदेशी खेळाडूला बोलावणं परवडलं आणि त्या खेळाडूवर जीव लावणारे हजारो लोक मिळाले, ते खालच्या पायऱ्यांमुळे. प्रेक्षकांत बसलेल्या माणसानं स्वतः कधीतरी खालच्या श्रेणीत ब्लॉक मारलेला असतो. समोरचा मल्याळी माणूस हवेत थांबून चेंडू मारतो तेव्हा तो काय करतोय, हे त्या माणसाच्या खांद्याला कळतं. स्टेडियमला नाव द्यायची वेळ आली तेव्हा असे लोक कोणाला विसरत नाहीत.

कंपनीला दोष देऊ नका

इथं एक आक्षेप येतो. आपल्याकडे खेळ कंपन्यांनी, सरकारी खात्यांनी चालवला म्हणून असं झालं. तिकडे खरे क्लब होते. मला हे पटत नाही.

फुटबॉल वर्ल्ड कपच्या वेळी स्टिकरचे अल्बम निघतात ना, त्या पानिनीचंच बघा. मोदेना शहरातल्या या कंपनीनं, म्हणजे जुझेप्पे पानिनीनं, १९६६ साली व्हॉलीबॉल संघ काढला. कंपनीचा संघ, कंपनीच्या नावानं. तो देशविजेता झाला, अनेकदा झाला. १९८५ साली त्यांनी हुलिओ व्हेलास्को नावाचा अर्जेंटिनाचा प्रशिक्षक आणला. १९८६ पासून सलग चार विजेतेपदं आली. मग इटलीनं त्यालाच राष्ट्रीय संघ दिला, आणि १९९० चं, १९९४ चं विश्वविजेतेपद त्याच्या हाताखाली आलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इटलीच्या महिलांनी सुवर्ण जिंकलं तेव्हाही बाजूला उभा होता तो हाच व्हेलास्को.

जपानही तसाच. तुमच्यापैकी ज्यांनी 'हायक्यू' बघितलंय किंवा वाचलंय, त्यांना जपानी शाळांचा व्हॉलीबॉल पाठ असेल. हारुइची फुरुदाते यांची ही मांगा २०१२ ते २०२० अशी आठ वर्षं चालली. हिनाता आणि कागेयामा मियागी प्रांतातल्या शेजारच्या शाळांशी परत परत भिडतात, हरतात, पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहतात. शाळेनंतरचा जपानी व्हॉलीबॉल मात्र कित्येक दशकं कंपन्यांचाच होता. सनटोरी, पॅनासोनिक, जेटी. पण या कंपन्यांना एकमेकींशी ठरलेल्या तारखांना खेळवणारी राष्ट्रीय लीग जपाननं १९६७ सालीच सुरू केली होती.

म्हणजे मालक कोण हा प्रश्नच नव्हता. आपल्या बँकेनं, आपल्या वीज कंपनीनं पानिनीपेक्षा कमी केलं नाही. संघ बांधला, पगार दिला. त्या संघांनी एकमेकांशी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दर आठवड्याला कुठं खेळायचं, हे मात्र कोणी ठरवलं नाही. गिरणी होती, कामगार होते, भोंगा नव्हता.

एकवीस दिवस

अलीकडे प्रयत्न झाले. ते प्रामाणिकपणे मांडायला हवेत.

२०११ साली सहा संघांची इंडियन व्हॉलीबॉल लीग झाली. त्यात मराठा वॉरियर्स नावाचा संघही होता. तिचा दुसरा हंगाम झालाच नाही.

मग २०१४ साली कबड्डीनं चमत्कार केला. प्रो कबड्डी बघून सगळ्याच खेळांना वाटलं, आपलंही होईल. २०१९ साली प्रो व्हॉलीबॉल लीग आली. चेन्नई स्पार्टन्स, कालिकत हीरोज, कोची ब्लू स्पायकर्स, अहमदाबाद डिफेंडर्स, ब्लॅक हॉक्स हैदराबाद आणि यू मुंबा व्हॉली. लिलावात सेटर रणजित सिंगला अहमदाबादनं १३ लाखांना घेतलं. कोचीकडे डेव्हिड ली आला, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता अमेरिकन. मी ते सामने टीव्हीवर बघितले आणि मला ते आवडले. कालिकत अंतिम सामन्यापर्यंत अजिंक्य होता. उपांत्य फेरीत त्यांनी यू मुंबाला हरवलं आणि अंतिम सामन्यात चेन्नईकडून सरळ तीन सेटमध्ये हरले. ही हातातोंडाशी आलेला घास जाण्याची गोष्ट आठवली की अजून हळहळ वाटते.

पण हिशोब मांडून बघा. २ फेब्रुवारीला सुरू, २२ फेब्रुवारीला संपलं. एकवीस दिवस. १८ सामने. साखळीत प्रत्येक संघाला ५. आणि हे सगळे सामने दोनच शहरांत, कोची आणि चेन्नई. सहापैकी चार संघांना स्वतःच्या गावात एकही सामना नाही. सेटसुद्धा २५ ऐवजी १५ गुणांचे केले, टीव्हीच्या वेळेत बसावेत म्हणून. जिमीच्या काळात तर ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळायचा, सेट कधी संपेल याची खात्री नसायची. १९९९ पासून प्रत्येक रॅलीला गुण आला आणि खेळ आटोपशीर झाला. ते ठीकच. पण इथं सेटही आखूड आणि हंगामही आखूड.

नंतर महासंघ आणि आयोजक कंपनी यांचं बिनसलं. करार तुटला, प्रकरण न्यायालयात गेलं. २०२० आलं, कोविड आला. कालिकतला पुढच्या फेब्रुवारीत चेन्नईची परतफेड करायची होती. तो फेब्रुवारी आला आणि सामन्याशिवाय गेला.

२०२२ साली प्राइम व्हॉलीबॉल या नावानं लीग पुन्हा उभी राहिली. ही मात्र टिकली आहे, याचं श्रेय द्यायलाच हवं. २०२३ साली ती बंगळुरू, हैदराबाद आणि कोचीत फिरली. २०२४ साली कालिकतनं अखेर विजेतेपद मिळवलं. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारतानं दक्षिण कोरियाला पाच सेटमध्ये हरवलं आणि सहावा क्रमांक घेतला. दर वर्षी परदेशी खेळाडूंच्या स्मॅशसमोर उभं राहण्याचा काही ना काही उपयोग झालाच असणार.

तरीही एक गोष्ट मला सलते. मुंबई मीटिअर्स हा संघ २०२३ पासून लीगमध्ये आहे. २०२५ साली तो अंतिम फेरीत पोचला. त्याच वर्षी गोवा गार्डियन्स आला. २०२४ चे सगळे सामने चेन्नईत झाले, २०२५ चे सगळे हैदराबादेत. म्हणजे मुंबईच्या संघानं मुंबईत आणि गोव्याच्या संघानं गोव्यात लीगचा एकही सामना न खेळता हे सगळं पार पडलं. संघाला गावाचं नाव आहे, पण गावानं संघाला घाम गाळताना पाहिलेलं नाही. मोबाईलवर पाहिलंय. मोबाईलवर पाहणं वाईट नाही, मीही तसंच पाहिलं. पण आठवीतल्या पोराला स्टेडियमच्या दाराशी उभं राहून आपल्या सेटरचा हात बघता यायला हवा, किती लांब बोटं आहेत ते.

आपल्या गावचे दोन खांब

हे सगळं वरच्या मजल्याचं झालं. खरा प्रश्न तळमजल्याचा आहे.

महाराष्ट्रात व्हॉलीबॉल नाही असं कोणी म्हणू नये. हिवाळा लागला की गावोगावी फ्लेक्स लागतात. भव्य खुल्या स्पर्धा, प्रकाशझोतातले सामने, प्रवेश फी, प्रथम क्रमांकाला रोख रक्कम आणि चषक. कुठं नेहमीचा खेळ, कुठं दोन्ही हातांनी चेंडू ढकलायचं शूटिंग व्हॉलीबॉल. पोरं मोटरसायकलवर ट्रिपल सीट येतात, रात्री दोनपर्यंत खेळतात, पहाटे घरी जातात. एवढा उत्साह इटलीतल्या शनिवारच्या जिममध्ये क्वचितच दिसत असेल. ठिकठिकाणी जिल्ह्याच्या, शहराच्या छोट्या लीगही होतात. पण त्यांना वर जाणारी पायरी नसते आणि पुढच्या वर्षी त्या होतील की नाही, हे बहुतेकदा यंदाचा देणगीदार ठरवतो.

याची किंमत कोण मोजतं? देशातले पहिले पन्नास खेळाडू नाही. त्यांना लीग आहे, खाती आहेत. मोजतो तो एक हजारावा. बावीस वर्षांचा, उंची सहा फूट, कॉलेज संपलेलं. विद्यापीठाच्या संघात होता तोवर त्याला ओळखपत्र होतं, प्रवासभत्ता होता, सामने होते. पदवी मिळाली त्या दिवशी त्याचा व्हॉलीबॉल संपला. पोलीस भरतीत लागला तर पुन्हा सुरू होईल, नाहीतर नाही. इटलीतला हाच मुलगा 'सेरी डी' मध्ये अजून बारा वर्षं खेळला असता, मग पंच झाला असता, मग आपल्या मुलीला घेऊन त्याच जिममध्ये आला असता. आपल्याकडे व्हॉलीबॉलचा खेळाडू एकतर नोकरीला लागतो किंवा माजी होतो. मधला काही प्रकारच नाही.

आणि हंगाम उभा करायला लिलाव लागत नाही. कागदावर मांडून बघा. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या चार जिल्ह्यांतले आठ संघ. कोणी तालीम मंडळ, कोणी साखर कारखाना, कोणी माजी विद्यार्थी. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं. प्रत्येकाच्या वाट्याला १४ सामने, एकूण ५६. दसरा झाला की सुरुवात, होळीच्या आत शेवट, दर रविवारी चार सामने. खर्च म्हणजे चेंडू, पंचांचं मानधन, एसटीचं किंवा भाड्याच्या गाडीचं भाडं आणि दोन्ही संघांना दुपारचं जेवण. एका मोठ्या खुल्या स्पर्धेच्या मंडपात आणि लाइटिंगमध्ये यातलं बरंच बसेल. अवघड भाग पैशाचा नाही. अवघड भाग आहे तो सातत्याचा. तारीख ठरली की ती पाळायची, मंत्र्याचा दौरा असो की मालिकेचा शेवटचा भाग. आणि पुढच्या वर्षी परत सुरू करायचं, कोणाचा वाढदिवस नसला तरी.

डिसेंबर २०२३ मध्ये बंगळुरूत पुरुषांची क्लब विश्वविजेतेपद स्पर्धा झाली. भारताचा प्रतिनिधी म्हणून अहमदाबाद डिफेंडर्स खेळला. जिंकला इटलीचा पेरुजा. त्या संघात वेगवेगळ्या देशांचे तारे होते, तगडा पैसा होता. त्याशिवाय एक गोष्ट होती, जी विमानातून आणता येत नाही. मायदेशी परतल्यावर त्यांना लगेच पुढचा लीग सामना होता, आणि तो कोणाशी, कुठं, किती वाजता, हे गावातल्या सगळ्यांना महिनोन्महिने आधीपासून माहीत होतं.

त्या आठ संघांच्या कागदी लीगमध्ये मला पहिला कोण येईल याची फारशी उत्सुकता नाही. चषक कोणीतरी नेईलच. मला बघायचाय आठव्या क्रमांकाचा संघ. तेरा सामन्यांत दोनच विजय, सेटरचा अंगठा सुजलेला, आणि तरीही होळीच्या आधीच्या रविवारी सकाळी सहाच्या एसटीला सगळे बारा जण स्टँडवर हजर.